बार्बाडोसची एका दिवसाची फेरी: क्रूझवरून उतरून स्वतः गाडी चालवणाऱ्यांसाठी

दक्षिण कॅरिबियनच्या क्रूझमध्ये जहाज बहुतेक दिवशी सकाळी एका नव्या बेटाला लागते आणि संध्याकाळी तेथून निघते. मधल्या आठ-नऊ तासांत पुष्कळसे प्रवासी जहाज कंपनीने ठरवलेल्या बसमध्ये बसतात, नाहीतर बंदराजवळच्या एखाद्या किनाऱ्यावर वेळ घालवतात. गाडी भाड्याने घेऊन स्वतः हिंडण्याचा तिसरा मार्ग प्रत्येक बेटावर सोयीचा नसतो. बार्बाडोसमध्ये मात्र तो आहे, आणि भारतात गाडी चालवणाऱ्याला तर विशेषच आहे. येथे वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, स्टिअरिंग उजवीकडे असते, पाट्या इंग्रजीत असतात आणि अंतरे थोडी असतात. बेटाची लांबी सुमारे ३४ किलोमीटर, रुंदी जास्तीत जास्त २३ किलोमीटर आणि क्षेत्रफळ सुमारे ४३० चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईहूनही कमी.

या लहानपणानेच अनेक जण फसतात. नकाशावर सगळे हाकेच्या अंतरावर दिसते, म्हणून यादीत दहा-बारा ठिकाणे भरली जातात. प्रत्यक्षात आतले रस्ते अरुंद, वळणावळणाचे आणि चढउताराचे आहेत, त्यामुळे वीस किलोमीटरला पाऊण तास सहज लागतो. म्हणून या लेखातील सगळी आखणी एका नियमावर उभी आहे: सर्वांत दूरचा भाग सकाळी पाहून घ्यायचा आणि दुपारनंतरचा प्रत्येक थांबा आधीच्या थांब्यापेक्षा बंदराच्या जवळ असेल असे पाहायचे. असे केले की वाटेत उशीर झालाच, तर शेवटचे थांबे सोडून देऊन सरळ बंदर गाठता येते. जहाज कंपनीच्या सहलीची बस उशिरा आली तर जहाज सहसा तिच्यासाठी थांबते. स्वतः हिंडणाऱ्यासाठी ते थांबत नाही, आणि ही गोष्ट दिवसभर ध्यानात ठेवावी लागते.

जहाजावर चढण्यापूर्वीची तयारी

गाडीचे आरक्षण घरूनच करावे. नोव्हेंबर ते एप्रिल हा क्रूझचा मुख्य हंगाम. त्या काळात ब्रिजटाउनच्या बंदरात एकाच दिवशी अनेक जहाजे लागलेली असतात आणि ऑटोमॅटिक गाड्या लवकर संपतात. आरक्षण करताना जहाजाचे नाव, बंदरात लागण्याची वेळ आणि तुमची परतण्याची वेळ कंपनीला लेखी कळवावी. बंदरावरच गाडी आणून देणाऱ्या आणि तेथूनच परत घेणाऱ्या कंपनीला थोडे जास्त पैसे द्यावे लागले तरी द्यावेत, कारण विमानतळावरून गाडी घ्यायची म्हटले की जाण्यायेण्यात दिवसाचा मोठा तुकडा जातो. जहाज उशिरा लागले किंवा वादळी हवेमुळे बंदरात आलेच नाही तर आरक्षणाचे पैसे परत मिळतील का, हेही आधीच विचारून ठेवावे. असे प्रसंग विरळ असले तरी घडतात.

परदेशी पाहुण्याला बार्बाडोसमध्ये गाडी चालवण्यासाठी तात्पुरता स्थानिक परवाना लागतो. मूळ लायसन्स दाखवून ठरावीक शुल्क भरले की बहुधा भाड्याने गाडी देणारी कंपनीच तो करून देते. भारतातले स्मार्ट कार्ड लायसन्स इंग्रजीत असल्याने अडचण सहसा येत नाही. तरीही आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून सोबत ठेवणे शहाणपणाचे. घरून निघताना लायसन्सची मुदत तपासावी आणि मूळ कार्डच न्यावे, कारण मोबाइलमधली प्रत तेथे कामाची नाही. गाडी आळीपाळीने दोघे चालवणार असतील तर दोघांच्या नावे परवाना घ्यावा आणि करारातही दोघांची नावे घालून घ्यावीत. कराराबाहेरच्या माणसाच्या हातून अपघात झाला तर विमा लागू होत नाही.

भारतीय पासपोर्टवर प्रवास करणाऱ्यांनी व्हिसाचे नियम क्रूझ कंपनीकडून लेखी मागवावेत आणि ते वाटेतल्या प्रत्येक बेटासाठी मागवावेत. जहाज अमेरिकेतल्या बंदरातून सुटून तेथेच परतणार असेल, तर अमेरिकेचा एकापेक्षा अधिक प्रवेशांचा व्हिसा लागतो हे आरक्षण करतानाच लक्षात घ्यावे.

पैशाचा हिशोब सोपा आहे. दोन बार्बाडोस डॉलर म्हणजे एक अमेरिकी डॉलर, हा दर १९७५ पासून बांधलेला आहे आणि अमेरिकी नोटा जवळजवळ सगळीकडे चालतात. सुटे पैसे मात्र बहुधा स्थानिक चलनात मिळतात, म्हणून एक, पाच आणि दहा डॉलरच्या नोटा जवळ बाळगाव्यात. कोणी किंमत नुसती ‘डॉलर’मध्ये सांगितली तर ती कोणत्या डॉलरमध्ये आहे हे विचारून घ्यावे, कारण एका शब्दाने रक्कम दुप्पट होऊ शकते. अनामत रकमेसाठी क्रेडिट कार्ड लागते आणि तेही ज्याच्या नावे करार आहे त्याचेच असावे लागते.

बेटाचा नकाशा ऑफलाइन वापरासाठी फोनमध्ये आधीच उतरवून घ्यावा. जहाजाचे वायफाय बंदराबाहेर उपयोगाचे नाही. सगळे थांबे खुणा करून ठेवताना ठिकाणाच्या नावासोबत पॅरिशचे नावही टाकावे. बेटाचे असे ११ प्रशासकीय विभाग आहेत आणि तेथील पत्ते पॅरिशच्या नावानेच सांगितले जातात. कपड्यांबाबत एक कायदेशीर सूचना महत्त्वाची आहे: लष्करी छाप्याचे, म्हणजे कॅमोफ्लाज रंगसंगतीचे कपडे घालण्यास बार्बाडोसमध्ये नागरिकांना बंदी आहे आणि ती लहान मुलांनाही लागू आहे. तशी टोपी, पँट किंवा पाठीवरची पिशवी जहाजावरच ठेवावी.

घड्याळ आणि गाडीचा ताबा

बार्बाडोसची वेळ भारतापेक्षा साडेनऊ तास मागे असते आणि वर्षभर तीच राहते. जहाजाचे घड्याळ मात्र प्रवास जेथून सुरू झाला तेथील वेळेनुसार चालू शकते, त्यामुळे बेटाची वेळ आणि जहाजाची वेळ यांत एक तासाचा फरक पडू शकतो. फोन किनाऱ्यावरचे नेटवर्क पकडून आपोआप वेळ बदलतो. म्हणून एकाने तरी साधे मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावून ठेवावे आणि दिवसभर तेच प्रमाण मानावे. आदल्या रात्री खोलीत येणाऱ्या माहितीपत्रकात परत चढण्याची अंतिम वेळ आणि बंदरातील एजंटचा दूरध्वनी क्रमांक असतो. त्या पानाचा फोटो काढून ठेवावा. पुढील वेळापत्रक जहाज सकाळी आठला लागते आणि संध्याकाळी साडेपाचपर्यंत चढायचे असते असे धरून केले आहे.

जहाजातून उतरण्याची परवानगी मिळाल्याबरोबर बाहेर पडावे. गाडी ताब्यात घेताना घाई करू नये. येथे घालवलेली दहा मिनिटे पुढचा वाद वाचवतात. चारही बाजू, चारही चाकांच्या रिम, पुढची काच, छत, इंधनाचा काटा आणि किलोमीटरचा आकडा यांचा एक सलग व्हिडिओ काढावा. बार्बाडोसमधले रस्ते अरुंद असल्याने डाव्या बाजूच्या रिमवर आणि आरशावर ओरखडे असण्याची शक्यता सर्वाधिक असते, तेव्हा तेथे नीट वाकून पाहावे. जुने ओरखडे करारपत्रावर नोंदवून घ्यावेत. स्टेपनी आणि जॅक आहे का, पेट्रोल लागते की डिझेल, आणि टायर किंवा काच फुटल्यास विमा ती भरपाई देतो का, एवढे तीन प्रश्न तेथेच विचारावेत.

भाड्याच्या गाडीच्या नंबरप्लेटची सुरुवात इंग्रजी ‘एच’ अक्षराने होते. त्यामुळे गाडी पाहुण्याची आहे हे सगळ्यांना लांबूनच कळते आणि स्थानिक चालक बहुतेक वेळा सांभाळून घेतात. येथे मिनी मोक नावाची दारे नसलेली उघडी छोटी गाडीही मिळते. ती दिसायला मोहक असते, पण माझ्या मते या फेरीसाठी ती घेऊ नये: तिला कुलूपबंद डिकी नसते, सर आली की सामान भिजते, आणि पूर्व किनाऱ्याच्या वाऱ्यात तासभर बसून माणूस दमतो. लहान ऑटोमॅटिक हॅचबॅक उत्तम. मुले असतील तर त्यांची खास खुर्ची आरक्षणातच मागून घ्यावी.

येथील रस्त्यांची रीत

भारतातून येणाऱ्याला डावी बाजू सवयीची असते. न्यू जर्सी किंवा टोरांटोहून आलेल्या मराठी कुटुंबांनी मात्र पहिला अर्धा तास जोडीदाराला बाजूला बसवून प्रत्येक वळणाला ‘डावीकडे राहा’ असे मोठ्याने म्हणायला सांगावे. चूक बहुधा सरळ रस्त्यावर होत नाही. पेट्रोल पंपातून किंवा रिकाम्या पार्किंगमधून पुन्हा रस्त्यावर येताना होते.

सर्कलमध्ये, म्हणजे राउंडअबाउटमध्ये, उजवीकडून येणाऱ्या आणि आधीच आत असलेल्या वाहनाचा हक्क पहिला. हा नियम आपल्याकडेही आहे, पण येथे तो पाळला जातो आणि आपल्यामागच्या चालकालाही तो पाळला जाण्याची खात्री असते, म्हणून अंदाजाने घुसण्याची सवय बाजूला ठेवावी. एबीसी हायवे नावाचा मुख्य मार्ग ब्रिजटाउनला बाहेरून वळसा घालतो. ॲडम्स, बॅरो आणि कमिन्स या तीन नेत्यांच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले आहे. त्यावरील काही सर्कलांना फ्रँक वॉरेल, एव्हर्टन वीक्स आणि क्लाइड वॉलकॉट यांची नावे आहेत, त्यामुळे क्रिकेट जाणणाऱ्याला ती लक्षात ठेवणे सोपे जाते. याच मार्गावरील एका सर्कलमध्ये साखळ्या तोडून उभ्या राहिलेल्या माणसाचा पुतळा आहे. कार्ल ब्रूडहॅगन यांनी घडवलेला हा गुलामीमुक्तीचा पुतळा १९८५ साली उभारला गेला आणि लोक त्याला बसाचा पुतळा म्हणतात. बसा हा १८१६ च्या गुलामांच्या बंडाचा नेता होता. दिवसभरात पुढे दिसणाऱ्या बऱ्याच गोष्टींचा धागा त्या बंडाशी जोडलेला आहे.

वेगाची मर्यादा पाटीवर किलोमीटरमध्ये असते. आतल्या रस्त्यांवर तेवढ्या वेगाची गरजच पडत नाही. रस्त्याच्या कडेला पदपथ नसतो आणि पुष्कळ ठिकाणी डांबर संपते तेथेच खोल गटार सुरू होते, म्हणून समोरून बस आली की कडेला दाबण्यापेक्षा आधीच रुंद जागा पाहून थांबावे. उसाचे शेत कापणीपूर्वी डोक्याच्या वर गेलेले असते आणि वळणापलीकडचे काही दिसत नाही. अशा वळणावर हलका हॉर्न द्यावा. येथे हॉर्नचा छोटासा आवाज म्हणजे नमस्कार किंवा आभार असतो, आणि समोरच्याने दिव्याची उघडझाप केली तर ‘तुम्ही आधी जा’ असा त्याचा अर्थ असतो. आपल्याकडे याच खुणेचा अर्थ नेमका उलटा घेतला जातो, म्हणून हे मनात पक्के करून ठेवावे. पांढऱ्या रंगावर लालसर पट्टा असलेल्या ‘झेडआर’ व्हॅन कोठेही अचानक थांबतात. त्यांच्या मागे अंतर राखून चालावे.

वाट चुकल्यावर फोनपेक्षाही उपयोगी पडणारी एक गोष्ट म्हणजे बसथांब्यांच्या गोल पाट्या. त्यांच्यावर ‘टू सिटी’ किंवा ‘आउट ऑफ सिटी’ एवढेच लिहिलेले असते. ‘टू सिटी’ लिहिलेला थांबा तुमच्या डाव्या हाताला येत असेल तर तुम्ही ब्रिजटाउनकडे चालला आहात, म्हणजे बंदराकडेच. उसाच्या मळ्यात सिग्नल गेलेला असताना ही एक पाटी संपूर्ण दिशा सांगून जाते.

सकाळ: गन हिलपासून बाथशिबापर्यंत

साधारण नऊला बंदर सोडावे. शहरात शिरू नये; स्प्रिंग गार्डन हायवेने उत्तरेकडे जाऊन केव्ह हिलवरून वॉरेन्सला एबीसी हायवेला लागावे आणि तेथून सेंट जॉर्ज पॅरिशकडे वळावे. पूर्ण फेरी पाऊणशे किलोमीटरच्या आसपास भरते आणि घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने होते. या दिशेत एक उणीव आहे: समुद्र बराच वेळ उजव्या हाताला राहतो, त्यामुळे किनाऱ्याच्या बाजूला थांबायचे तर समोरची वाहतूक ओलांडून वळावे लागते. तरीही मी हीच दिशा सुचवेन, कारण सकाळचे ऊन पूर्व किनाऱ्यावर पडते आणि पोहण्याजोगा शांत पश्चिम किनारा दिवसाच्या शेवटी, बंदराच्या जवळ मिळतो.

गन हिल येथे १८१८ सालचे निशाणी ठाणे आहे. बसाच्या बंडानंतर ब्रिटिशांनी बेटाच्या उंचवट्यांवर अशा ठाण्यांची साखळी उभारली. एका टेकडीवरून दुसरीकडे निशाणांनी खबर पोहोचवायची, म्हणजे कोठे उठाव झाला किंवा समुद्रात कोणते जहाज दिसले हे लगेच कळावे. येथून दक्षिणेचा सगळा सपाट भाग आणि समुद्र दिसतो, आणि साखर पिकवणाऱ्या बेटावर नजर ठेवणे म्हणजे काय होते हे जागेवरच कळते. खालच्या उतारावर एकाच चुनखडी खडकात १८६८ साली कोरलेला पांढरा सिंह आहे. अर्धा तास पुरतो.

पुढचा थांबा सेंट जॉन पॅरिशचे चर्च. १८३१ च्या चक्रीवादळात जुने चर्च पडले आणि सध्याची इमारत १८३६ साली उभी राहिली. चर्चच्या मागच्या दफनभूमीत फर्डिनांडो पॅलिओलोगस याची कबर आहे. बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन, सम्राटांच्या घराण्याचा वारस म्हणवला जाणारा हा माणूस येथे मळेवाला म्हणून राहिला. कबरींच्या पलीकडे जमीन एकाएकी संपते आणि खाली पूर्व किनारा उलगडतो.

येथून बाथशिबाला उतरणारा रस्ता तीव्र उताराचा आहे. ऑटोमॅटिक गाडी असली तरी गिअर ‘एल’ किंवा ‘२’ वर टाकून उतरावे. सतत ब्रेक दाबत राहिल्यास ब्रेक तापतात. उतरताना जमिनीचा पोत बदललेला दिसतो. बेटाचा बहुतेक भाग प्रवाळी चुनखडीचा आहे, पण ईशान्येकडच्या ‘स्कॉटलंड डिस्ट्रिक्ट’ भागात चुनखडीचा तो वरचा थर झिजून गेला आहे आणि खालचे जुने गाळाचे खडक उघडे पडले आहेत. म्हणूनच येथे डोंगर ओबडधोबड आहेत, जमीन सरकते आणि रस्ते ठिकठिकाणी खचलेले असतात. पावसानंतर येथे डबक्यातून गाडी नेताना खड्डा किती खोल आहे हे दिसत नाही. वेग अगदी कमी ठेवावा.

बाथशिबाला साडेअकराच्या सुमारास पोहोचावे आणि तेथे किमान एक तास द्यावा. दिवसातले हे सर्वांत मोठे ठिकाण आहे. आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून येथपर्यंत मध्ये जमीन नाही, त्यामुळे अटलांटिकच्या लाटा पूर्ण जोरात येऊन आदळतात. किनाऱ्यावरचे प्रचंड खडक हे वरच्या प्रवाळी कड्यापासून तुटून आलेले तुकडे आहेत. भरती-ओहोटीच्या पातळीवर लाटांनी त्यांचा पाया कुरतडला आहे, त्यामुळे खाली बारीक आणि वर रुंद अशा अळंबीच्या आकाराचे ते उभे आहेत. जवळ जाऊन पाहिले तर कुरतडलेली ती रेघ सगळ्या खडकांवर एकाच उंचीवर सापडते. शेजारच्या ‘सूप बोल’ नावाच्या भागात लाटांवर स्वार होणारे जगभरातून येतात.

येथे पोहायला मात्र उतरू नये. पाण्याखालचा ओढा जोरदार असतो आणि चांगल्या पोहणाऱ्यालाही तो आत खेचतो. खडकांच्या आडोशाने ओहोटीच्या वेळी उथळ तळी तयार होतात; स्थानिक माणसे त्यांत बसलेली दिसली तर आपणही बसावे, त्यांच्यापलीकडे जाऊ नये.

दुपार: पूर्व किनारा, चेरी ट्री हिल आणि सेंट निकोलस ॲबी

बाथशिबाहून उत्तरेकडे जाणारा ईस्ट कोस्ट रोड बार्बाडोसमधला सर्वांत सुखाचा रस्ता आहे: मोकळा, किनाऱ्याला लगटून जाणारा आणि बऱ्यापैकी रुंद. त्याचे उद्घाटन १९६६ साली, बेट स्वतंत्र झाले त्याच वर्षी, राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते झाले. १९३७ पर्यंत या किनाऱ्याने रेल्वे धावत असे आणि रस्त्याचा काही भाग तिच्याच वाटेवरून जातो.

बेलप्लेनवरून चढ सुरू झाला की मॉर्गन लुइसची पवनचक्की दिसते. पूर्वेकडून वर्षभर वाहणाऱ्या व्यापारी वाऱ्यांवर अशा शेकडो चक्क्या बेटावर ऊस गाळत असत. कोल्हापूर-सांगलीकडच्या माणसाला गुऱ्हाळाचा चरक ठाऊक असतो. येथे तो चरक फिरवायला बैलांच्या जागी वारा होता. दहा मिनिटे थांबून पुढे चेरी ट्री हिलवर जावे. समुद्रसपाटीपासून सुमारे २६० मीटर उंचीवरून सकाळी पार केलेला सगळा पूर्व किनारा येथून एका दृष्टिक्षेपात येतो. नावाप्रमाणे चेरीची झाडे आता नाहीत. रस्त्यावर कमान धरणारी झाडे महोगनीची आहेत, आणि त्यांत हिरवट अंगाची माकडे हिंडतात. त्यांना खायला घालू नये आणि गाडीच्या काचा वर कराव्यात.

टेकडीपलीकडे लगेच सेंट निकोलस ॲबी लागते. नाव मठाचे असले तरी ही १६५८ च्या सुमाराची मळेवाल्याची हवेली आहे. त्या काळच्या जेकोबियन शैलीतल्या अशा हवेल्या दोन्ही अमेरिका खंडांत तीनच उरल्या आहेत. वाफेवर चालणारा उसाचा चरक, रमची भट्टी आणि २०१९ पासून सुरू झालेली छोटी रेल्वे येथे आहे. रेल्वेच्या वेळा फेरीशी जुळतात का आणि त्या दिवशी ठिकाण उघडे आहे का, हे घरूनच पाहावे. रेल्वेच्या एका फेरीसाठी तासभर ताटकळण्याइतका वेळ या दिवसात नाही. रमची चव गाडी चालवणाऱ्याने घेऊ नये, अगदी घोटभरही नाही. बाटली विकत घेतली तर ती बहुतेक जहाजांवर चढताना ठेवून घेतात आणि प्रवास संपताना देतात.

हवेलीचे सौंदर्य पाहताना तिचा जमाखर्चही पाहावा. १६४० च्या दशकात बार्बाडोसमध्ये ऊस आला आणि काही दशकांत बेट आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या कष्टांवर इंग्लंडची सर्वांत श्रीमंत वसाहत बनले. १८३४ साली गुलामगिरी कायद्याने संपली, पण ‘शिकाऊ’ या नावाखाली सक्तीची मजुरी १८३८ पर्यंत चालूच राहिली. अशा हवेल्यांत माणसांची नावे, वय आणि किंमत लिहिलेल्या याद्या मिळाल्या आहेत. हे ठाऊक असेल तर चिनी मातीची भांडी आणि महोगनीचे पलंग वेगळ्या नजरेने पाहिले जातात, आणि तसेच ते पाहावेत.

जेवण

जेवण बाथशिबाला किंवा पुढे स्पाइट्सटाउनला घ्यावे. बसून, ऑर्डर देऊन जेवायचे तर तासाहून कमी वेळ धरू नये. येथे कोणी घाई करत नाही. लहान ‘रम शॉप’मध्ये घरगुती जेवण स्वस्त मिळते. उडत्या माशाचे कालवण आणि कूकू हे राष्ट्रीय जेवण. कूकू म्हणजे मक्याचे पीठ भेंडीच्या पाण्यात घोटून केलेला घट्ट गोळा. मासे खाणाऱ्या कोकणी आणि गोव्याच्या माणसाने तो चुकवू नये. टेबलावरचा पिवळा सॉस मोहरी आणि स्कॉच बॉनेट मिरचीचा असतो, म्हणून थेंबापासून सुरुवात करावी.

शाकाहारी माणसाने नावावर जाऊ नये, विचारून घ्यावे. ‘राइस अँड पीज’ म्हणजे तुरीसारख्या दाण्यांचा भात, पण त्यात खारवलेले डुकराचे मांस शिजवलेले असू शकते. मॅकरोनी पायमध्ये अंडे असू शकते. निर्धास्त खाता येईल असे म्हणजे भाजलेले किंवा उकडलेले ब्रेडफ्रूट, अर्थात कोकणातला निरफणस, तळलेली राजेळी पद्धतीची मोठी केळी, आणि मिळालीच तर त्रिनिदादहून आलेली बटाटा-चण्याची रोटी. रोटी मिळाली नाही तर काय, म्हणून जहाजाच्या न्याहारीतली सीलबंद पाकिटे बरोबर असू द्यावीत. फळे, सँडविच किंवा उघडे अन्न मात्र जहाजातून बेटावर नेऊ नये. शेतीच्या रोगांच्या भीतीने त्याला मनाई असते.

परतीचा पश्चिम किनारा

स्पाइट्सटाउन उशिरात उशिरा अडीच वाजता सोडावे. येथून हायवे १ किनाऱ्याने सरळ दक्षिणेला बंदरापर्यंत येतो. अंतर वीस किलोमीटरच्या आतच आहे, पण घरे, हॉटेले आणि बसथांबे यांच्यामुळे वेग राहत नाही, आणि चारनंतर रहदारी दाटते.

होलटाउनला पहिले इंग्रज वसाहतवाले १७ फेब्रुवारी १६२७ रोजी उतरले. तेथील स्मारकावर मात्र १६०५ हे चुकीचे साल कोरलेले आहे. गाडी न थांबवताही ते दिसते; वेळ कमी असेल तर थांबू नये.

पोहण्यासाठी पश्चिम किनाराच योग्य, कारण येथे बेटाच्या आडोशाने समुद्र शांत असतो. बार्बाडोसमधले सगळे किनारे सार्वजनिक आहेत. हॉटेलांच्या मधल्या अरुंद बोळांतून जाण्याचा हक्क सर्वांना आहे. पेन्स बे सुंदर आहे, पण पार्किंग मिळवण्यात वेळ जातो. स्प्रिंग गार्डन हायवेलगतचा ब्रँडन्स बीच बंदराच्या अगदी जवळ आहे, म्हणून मी तोच निवडेन. तेथून जहाजे डोळ्यांसमोर असतात. किनाऱ्यावरच्या लाल पट्टा रंगवलेल्या झाडाखाली बसू नये, त्याचे हिरव्या सफरचंदासारखे फळ हातात घेऊ नये आणि पावसात त्याच्या आडोशाला तर मुळीच उभे राहू नये. हे मँचिनील आहे; त्याच्या चिकाने कातडीवर फोड येतात आणि फळ विषारी असते. प्रत्येक झाडाला पट्टा असेलच असे नाही, म्हणून मुलांना अनोळखी फळ उचलू देऊ नये. गाडीत दिसेल असे काहीही ठेवून पाण्यात जाऊ नये.

साडेतीनच्या आत सगळे आटोपले असेल तर बंदराजवळच्या केन्सिंग्टन ओव्हलला अवश्य जावे. २९ जून २०२४ रोजी रोहित शर्माच्या संघाने दक्षिण आफ्रिकेला सात धावांनी हरवून टी-२० विश्वचषक जिंकला तो येथेच. १९७१ साली अजित वाडेकरांच्या संघातून पहिलीच मालिका खेळणाऱ्या सुनील गावसकरांनी दुसऱ्या डावात नाबाद ११७ धावा काढून कसोटी वाचवली तीही येथेच. आणि १९६२ साली कर्णधार नरी काँट्रॅक्टर यांच्या डोक्याला चेंडू लागून ते मरणाच्या दारात पोहोचले तेही हेच मैदान. त्या वेळी त्यांच्यासाठी रक्त देणाऱ्यांत प्रतिस्पर्धी कर्णधार फ्रँक वॉरेल होते. आत जाण्याची सोय नसली तरी बाहेर सर गारफिल्ड सोबर्स यांचा पुतळा पाहता येतो. पंधरा मिनिटे पुरतात.

गाडी सोपवणे

चार वाजता पेट्रोल पंपावर असावे. पंपावर कर्मचारी इंधन भरून देतात. गाडी घेताना काटा जेथे होता तेवढेच भरायचे आहे हे आधी सांगावे आणि पावती ठेवावी. साडेचारला गाडी सोपवावी, म्हणजे जहाजावर चढण्याच्या अंतिम वेळेपूर्वी एक तास हाती राहतो. टायर पंक्चर झाला, रस्ता बंद असला किंवा बंदराच्या फाटकावर रांग लागली, तर हाच तास उपयोगी पडतो, म्हणून तो किनाऱ्यावर खर्च करू नये. फाटकावर जहाजाचे कार्ड आणि फोटो असलेले ओळखपत्र लागते.

वाटेत गाडी बंद पडली तर आधी कंपनीला फोन करावा, आणि दुरुस्तीला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागेल असे दिसले तर गाडी तेथेच ठेवून किल्ली कोणाकडे द्यायची ते विचारून टॅक्सीने बंदर गाठावे. अपघात झाला तर मात्र पोलिसांची नोंद झाल्याशिवाय जागा सोडू नये. पोलिसांचा क्रमांक २११ आहे. उशीर होणार असे दिसताच बंदरातील एजंटला कळवावे. जहाज सुटलेच तर पुढच्या बेटावर विमानाने जाऊन ते गाठायचे असते आणि तो खर्च आपला असतो, म्हणून पासपोर्ट जहाजावरच्या तिजोरीत न ठेवता अंगावरच्या बंद पाकिटात बाळगावा, असे माझे मत आहे. तो हरवण्याची भीती वाटणाऱ्यांनी निदान त्याच्या सगळ्या पानांचे फोटो आणि एक क्रेडिट कार्ड तरी बरोबर न्यावे.

गाडी सोपवताना सकाळसारखाच व्हिडिओ पुन्हा काढावा, ओरखडे नसल्याची नोंद करारपत्रावर सहीनिशी घ्यावी आणि अडकवलेली अनामत रक्कम कार्डावर मोकळी होईपर्यंत ते सगळे कागद जपून ठेवावेत. रक्कम मोकळी व्हायला काही दिवस, कधी दोन-तीन आठवडेही लागतात.